डोंगसायच्या रेड्यांसाठी नवस

मागताना नेमकं मागावं, हे मी तीस वर्षं लोकांना बजावत आलो आणि स्वतःची पाळी आली तेव्हा गाढवासारखं मागून बसलो. त्यामुळे ही हकिगत सांगताना माझा आवाज चढला तर कोणी मला शांत राहायला सांगू नये.

माझं नाव सुबन. डोंगसायच्या फुटबॉल मैदानाची देखभाल माझ्याकडे आणि मैदानामागच्या राईतल्या आजोबांची सेवाही माझ्याकडे. आजोबा म्हणजे गावाचे राखणदार. राईतली डहाळीसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय कोणी तोडत नाही. पूर्वेकडच्या गोलाच्या जाळ्यामागे पन्नास पावलांवर, खांबांवर उभारलेलं त्यांचं लाकडी खोपट आहे. आधी माझे वडील त्यांचे भगत होते, आता मी. सकाळी गवत कापायचं, रेषांवर चुना मारायचा, मग आजोबांपुढचं कालचं पाणी बदलायचं. गावात कोणाला नवस बोलायचा असला की माझ्यामार्फतच बोलतात, आणि मी प्रत्येकाला तेच सांगतो. बाबा, नीट विचार करून माग. एका बाईने मागितलं होतं की तैवानच्या कारखान्यात गेलेला मुलगा वर्षाच्या आत घरी यावा. आला, पाय मोडून घेऊन आला. बाई माझ्यावर ओरडायला आली. मी म्हटलं, "धडधाकट यावा असं म्हणाली होतीस का? आजोबांनी तुझं ऐकलं. तूच अर्धं बोललीस."

एवढी अक्कल होती मला!

आमची टीम खालच्या डिव्हिजनची. थाई मुलखाच्या ईशान्येकडच्या बारा गावांच्या बारा टीम, त्यातल्या शेवटच्या दोन खाली ढकलल्या जातात, तिकडे हौशी पोरांच्यात. आमच्या शर्टावर रेड्याचं डोकं, म्हणून सगळे आम्हाला रेडेच म्हणतात. बाहेरगावचे लोक चिडवायला म्हणतात, आम्ही कौतुकाने म्हणतो. फाटकाशी लाम्दुआनची पपईच्या कोशिंबिरीची गाडी. मॅच सुरू झाली की ती खलबत्ता सोडून ढोल गळ्यात अडकवते आणि पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. गोलकीपर जोय, माझ्या बहिणीचा मुलगा. लहानपणापासून काडीपैलवान, आमच्या बोलीत जोय म्हणजे हडकुळा, नाव त्यावरूनच पडलं. पण हात इतके लांब की उभ्या उभ्या गुडघे खाजवील. याच पूर्वेकडच्या गोलात, अनवाणी, माझ्या शिव्या खात तो शिकला. गोलासमोरचं गवत त्याने इतकं उखडलं की मी त्याला दोनदा खराट्याने बडवला आहे.

तीन वर्षांपूर्वी क्लबला नवे अध्यक्ष मिळाले, सोरावुतसाहेब. दूर दक्षिणेच्या किनाऱ्यावरचा कोळंबीचा व्यापारी, आमच्याकडे रस्त्यांची कंत्राटं घ्यायला आला होता. आल्या आल्या फाटकावर स्वतःचा फोटो लावला, गोलपोस्टपेक्षा मोठा. टीमचा फोटो त्याच्या कोपराखाली. आम्ही म्हटलं, असू दे, हौस आहे माणसाला. नव्या बसचं बोलला, ती काही आली नाही. शर्टांचं कापड मात्र बरं आलं. क्लबचे सगळे कागद त्याच्या नावावर झाले, तेव्हा आमच्यापैकी एकानेही ते वाचले नाहीत. कशाला वाचतील? टीम गावाची आहे हे कागदावर लिहायची गोष्ट आहे का?

यंदाचा सीझन म्हणजे नुसता जीव खाणारा. सप्टेंबरात चिखलात हरलो, डिसेंबरात थंडीत हरलो, आणि फेब्रुवारीत उन्हाने जमीन तडकली तेव्हा अकराव्या नंबरावर होतो. खालून दुसरे. चार मॅच उरल्या होत्या. लाम्दुआन प्रशिक्षकाला पपई वाढेनाशी झाली. "जिंकून ये, मग खा," म्हणायची, आणि तो बिचारा तसाच निघून जायचा.

अशात एका सकाळी अध्यक्ष राईत आला. पायात चकचकीत बूट, हातात उदबत्त्यांचा पुडा. मी पाणी बदलत होतो.

"काका," तो म्हणाला, "तुमचे आजोबा फार पावतात म्हणे."

"नीट मागितलं तर."

"मला तुमची बोली येत नाही. त्यांना माझी थाई समजेल का?"

आजोबांना सरकारी थाई येते का, हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. आजवर त्यांच्याशी त्या भाषेत कोणी बोललंच नव्हतं. ते आमचं, आमच्या लाओ बोलीतलंच ऐकत आले.

"तुम्हीच माझ्या वतीने सांगा," तो म्हणाला. "टीम खाली जाता कामा नये. वाचली तर डुकराची सात मुंडकी देईन, वर दारूच्या सात बाटल्या. पण वाचली पाहिजे, काका!"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगतो, मला भरून आलं. परक्या मुलखातला माणूस आमच्या रेड्यांसाठी रडतोय. मी त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसलो, उदबत्त्या पेटवल्या आणि अगदी मनापासून बोललो, "आजोबा, रेड्यांना खाली जाऊ देऊ नका. बाकी काही नको, एवढंच करा."

बाकी काही नको! मी, सुबन, भगताचा मुलगा भगत, हे बोललो.

आजोबांनी केलं. पुढच्या तीनपैकी दोन मॅच जिंकलो, एक हरलो. शेवटची मॅच आमच्या मैदानावर, पहिल्या नंबरच्या टीमशी. बरोबरी पुरे होती. चार वाजता ऊन असं की ढोलाचं कातडं हाताला चटके देत होतं. एक-एक झालं होतं आणि शेवटच्या मिनिटाला पंचाने आमच्यावर पेनल्टी दिली. लाम्दुआनच्या तोंडून जे निघालं ते मी आजोबांच्या शेजारी उभा राहून सांगू शकत नाही. गोल पूर्वेकडचा. मी जाळ्यामागेच होतो. जोयने मागे वळून राईकडे बघून हात जोडले, मग माझ्याकडे बघितलं.

"मामा, कुठे मारेल?"

"मला काय विचारतोस, ज्योतिषी आहे का मी? अडव!"

त्याने उजवीकडे झेप घेतली. बॉल त्याच्या मनगटाला लागून खांबावर आदळला आणि बाहेर गेला. मी जाळ्याला मिठी मारून रडलो. अध्यक्ष मैदानात धावत आला, त्याने जोयला उचलून घेतलं आणि फोटो काढून घेतले. त्या संध्याकाळी पटांगणात डुकराचं मांस तव्यावर भाजलं, अख्खं गाव जेवलं, आणि अध्यक्षाने जोयला आणखी दोन वर्षांच्या करारावर सही करायला लावली. जोयने जेवणाच्या हाताने सही केली. कागदावर त्याच्या अंगठ्याचा तेलकट डाग पडला. आम्ही त्यावरही हसलो.

पाच आठवडे आनंदात गेले. मग एका दुपारी मी गवत कापत असताना लाम्दुआन ओरडत आली. मशीनच्या आवाजात मला ऐकू येईना. तिने पुढे होऊन मशीन बंद केलं. माझ्या मशीनला हात लावायची ही तिची पहिलीच वेळ.

"सुबनदादा, हे बघ."

फोनवर नवा शर्ट होता. निळा. छातीवर रेडा नाही, कोळंबी. वाकडी, मिशावाली, हातात बॉल घेतलेली कोळंबी. खाली अध्यक्षाच्या गावाचं नाव. आणि लिहिलं होतं की आमची टीम, आमची लीगमधली जागा, आमचे करार झालेले खेळाडू, सगळं पुढच्या सीझनपासून दक्षिणेच्या किनाऱ्यावर. पुढच्या वर्षी तिकडे निवडणूक आहे आणि साहेब उभे राहणार आहेत.

तळपायाची आग मस्तकात गेली. "असं कसं नेतो? टीम म्हणजे काय कोंबडी आहे, काखोटीला मारली की चालला?"

"कागद त्याच्या नावावर आहेत."

"मग खाली गेलो असतो तर बरं झालं असतं!" मी नुसतं रागाने बोललो. पण लाम्दुआन हसली नाही. तिने फोन कमरेच्या कापडात खोचला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला पुढचं ऐकावंसं वाटेना.

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "खाली गेलेली टीम त्याने नेली असती का? हौशी पोरांची टीम घेऊन कोण निवडणुकीला उभं राहतं? थुंकून निघून गेला असता मेला. रेडे आपल्या गोठ्यात राहिले असते. आणि तू काय मागितलंस दादा? खाली जाऊ देऊ नका!"

मी तिथेच गवतावर बसलो. तिचं खरं होतं. तो राईत रडला होता ते रेड्यांसाठी नव्हे, जागा हातची जाईल म्हणून. आणि ती जागा मीच त्याच्या हातात दिली, आमच्या बोलीत, आमच्या आजोबांकडून मागून. चोराला शिडी धरली, ती पण देवघरातली.

गाव नगरपालिकेत गेलं, लीगच्या कचेरीत गेलं. सगळीकडे एकच उत्तर, कागद बघा. जोयही गेला, आपला करार रद्द होतो का विचारायला. होत नव्हता. सोडून दिलं तर दोन वर्षं कुठेच खेळता येणार नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या गोलकीपरने दोन वर्षं काय करायचं, पपई कुटायची?

चोर तो चोर आणि वर शिरजोर म्हणतात, पण हा चोर भित्राही होता. जायच्या आधी त्याच्या बायकोच्या स्वप्नात सलग तीन रात्री एक म्हातारा आला आणि म्हणाला, माझं जेवण कुठाय? नवस फेडल्याशिवाय ती त्याला निघू देईना. आमच्या सहाव्या चांद्र महिन्यातल्या बुधवारी, पेरणीच्या आधी, आम्ही दरवर्षी आजोबांना जेवू घालतो. त्या दिवशी तो आला. गाडीतून सात मुंडकी उतरवली, बाटल्या उतरवल्या. अख्खं गाव राईत जमलेलं, एकाही माणसाने उतरवायला हात लावला नाही. जोयलाही त्याने बरोबर आणलं होतं, निळा शर्ट घालून. गावाला दाखवायला असेल, की बघा, तुमचा माणूस खुशीत आहे. जोयने माझ्याकडे बघितलं नाही.

"काका," अध्यक्ष हात जोडून म्हणाला, "आजोबांना सांगा, मी शब्द पाळला. आता मला मोकळं करा म्हणावं."

"आजोबा पावले की नाही ते हाड सांगेल," मी म्हटलं. "मी नाही."

आमची रीत अशी की उकडलेल्या कोंबड्याच्या जिभेखालचं हाड काढायचं. तीन बारीक काड्यांसारखं असतं. काड्या सरळ, एकसारख्या निघाल्या तर आजोबा प्रसन्न. वाकड्या, दुभंगलेल्या निघाल्या तर राग आहे, फेड मान्य नाही. मी कोंबडा हातात घेतला. आजोबा, मनात म्हटलं, एकदा तरी रागवा. वाकडं हाड द्या. याला इथेच गुडघे टेकून नाक घासू दे.

हाड निघालं ते सुईसारखं सरळ.

काय वाटलं ते सांगू? मला आजोबांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. सात मुंडक्यांवर खूश झालात? तुमच्या राईसमोरचं मैदान ओस पाडणाऱ्याला आशीर्वाद? खोटं बोलावं असं जिभेवर आलं. हाड मुठीत होतं, बोटाने जरा दाबलं असतं तर मोडलं असतं, कोणाला कळलं असतं? पण वडील म्हणायचे, भगत एकदा खोटं बोलला की पुढे त्याने खरं बोलून उपयोग नसतो. आणि आजोबांचं काय चुकलं? मागितलं ते दिलं. अर्धं मी बोललो.

मी हाड वर धरलं. "मान्य आहे," म्हटलं. "फिटलं."

अध्यक्षाने सुटकेचा श्वास सोडला. गावातून कुणीतरी मला शिवी दिली, हळू आवाजात, पण ती मला नावानिशी पोचली.

"थांबा साहेब," मी म्हणालो. "बसा. निरोपाचं बोलायचं राहिलं."

तो पुन्हा गुडघ्यांवर बसला, हात जोडून, डोळे मिटून. मी नव्या उदबत्त्या पेटवल्या आणि आमच्या बोलीत, वडील बोलायचे त्या जुन्या शब्दांत, स्वच्छ आवाजात बोललो. या वेळी विचार करून.

"आजोबा, हा माणूस आमचे रेडे घेऊन चालला आहे. त्यांना खाली जाऊ द्या. एक पायरी नाही, अगदी तळाला. त्या कागदाला कोणी नाक पुसायलासुद्धा घेणार नाही इतकं खाली. आणि मग तो कागद आमच्याकडे परत पाठवा. नाव आमचं, रेडा आमचा, मैदान हेच. माणसं धडधाकट परत यावीत, कोणाचा हातपाय मोडू नये. तोवर मी दर बुधवारी हे गवत कापीन आणि रेषा मारीन, कोणी खेळो न खेळो. मेलो तर माझ्यामागे जो भगत होईल तो मारील."

राईत पान हललं नाही. मग लाम्दुआनने हात कपाळाला लावले. आमच्यात 'तथास्तु'ला 'साधू' म्हणतात. "साधू!" ती म्हणाली. मग सगळं गाव, एका आवाजात, "साधू!" अध्यक्षाने डोळे उघडले, मागे वळून बघितलं, एवढं प्रेम बघून गहिवरला, आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणाला, "साधू! साधू!"

जोय तेवढा गप्प होता. हात जोडलेले, ओठ घट्ट.

अध्यक्ष गाडीकडे गेल्यावर तो माझ्यापाशी आला. निळा शर्ट घामाने काळा पडला होता.

"मामा, टीम खाली जायची म्हणजे गोल कोणाच्या जाळ्यात जायचे?"

मी उदबत्त्यांची राख झाडत राहिलो.

"माझ्या. बरोबर? आईच्या भावाने माझ्या जाळ्यात गोल मागितले. अख्ख्या गावाने साधू म्हटलं."

"टीमसाठी मागितले, जोय."

"मी काय टीमच्या बाहेरचा आहे? नेमकं माग, नेमकं माग, सगळ्यांना शिकवतोस. मला वगळायचं सुचलं नाही तुला?" त्याचा आवाज फाटला. "ऐक. मी अडवणार. येईल तो प्रत्येक बॉल अडवणार, कोळंबीसाठी नाही, माझ्या हातांसाठी. सांगून ठेव तुझ्या आजोबांना. मला हरवायचं असेल तर त्यांनी मैदानात उतरावं."

"अडव," मी म्हटलं. मलाही राग आला होता, कोणाचा ते सांगता येत नाही. "मुद्दाम एक जरी सोडलास तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

तो हसला नाही. गाडीत जाऊन बसला.

सप्टेंबरात सीझन सुरू झाला. फाटकावरचा फोटो आम्ही उतरवला. लाम्दुआनने त्या पत्र्याचं गाडीला छप्पर केलं, तोंड खाली करून, म्हणजे आता तो सारखा तिच्या खलबत्त्यात बघत असतो. मी दर बुधवारी गवत कापत होतो. रेषा मारल्या, मधलं वर्तुळ मारलं, पेनल्टीचा ठिपका मारला. गुराखी हसत. त्यांच्या म्हशी रेषेवर बसत आणि मी त्यांना ओरडून उठवत असे. खराटा उगारला की त्या सावकाश उठत, अंगाला पांढरे पट्टे घेऊन चालत्या होत.

पहिली मॅच एका रविवारी चार वाजता. फोनवर दिसणार होती. मी येणार नाही म्हणून सांगितलं होतं, आणि साडेतीनला लाम्दुआनच्या गाडीशी जाऊन बसलो. पन्नासएक माणसं जमलेली. सगळे एकच ठरवून आलेले, हरू दे. कोळंबीची पहिली हार आजोबांच्या नावाने होऊ दे.

आणि जोय अडवत होता. पहिला बॉल त्याने पायाने अडवला, दुसरा छातीवर घेतला. तिसऱ्या वेळी तो आडवा हवेत गेला तेव्हा लाम्दुआनचा हात आपोआप ढोलावर पडला. एकदाच. तिने हात मागे घेतला, आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं. पुढच्या वेळी ढोल दोनदा वाजला.

शून्य-शून्य. शेवटची पाच मिनिटं. पेनल्टी, जोयच्या गोलावर.

हेच मागितलं होतं ना? आजोबांनी ताटात वाढून पाठवलं होतं. माझ्यामागून कोणीतरी पुटपुटलं, "जाऊ दे आत." जोय रेषेवर उभा राहिला. त्याने वळून मागे बघितलं. तिथे राई नव्हती, जाळ्यामागे शीतपेयाची जाहिरात होती. तरी त्याने हात जोडले. मग मान जराशी तिरकी केली, जाळ्यामागे कोणी उभं असल्यासारखी. कुठे मारेल, असं विचारताना करतो तशी.

मी उठून उभा राहिलो. काय करतोय हे कळायच्या आत मी ओरडलो होतो, अख्खं आयुष्य त्या गोलामागून ओरडलो तसाच. "अडव रे!"

त्याने उजवीकडे झेप घेतली. बॉल त्याच्या पोटाखाली गेला आणि तिथेच राहिला.

ढोल वाजला. मग लोकांनी एकमेकांकडे बघितलं आणि ढोल थांबला. लाम्दुआनने माझ्यासमोर पाण्याचा पेला आदळला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चिडलेली होती.

"आता आजोबांनी तुझं कुठलं ऐकायचं?" ती म्हणाली. "राईतलं, की आत्ताचं?"

मी पाणी प्यायलो नाही. उठून मैदानात गेलो. बुधवार नव्हता, तरी पूर्वेकडच्या गोलासमोरचं गवत मी पुन्हा कापलं. तिथलं गवत आता सगळीकडे सारखं वाढतं. उखडायला कोणी नाही.